झोंबणे हा गुणाचा पुरावा नव्हे

दाढीनंतर गालांवर चोळलेले लोशन झोंबले तरच ते लागू पडले, ही समजूत सलूनच्या खुर्चीपासून घरातल्या आरशापर्यंत आणि तिथून जाहिरातींच्या भाषेपर्यंत इतकी मुरली आहे की तिला पुरावा मागण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तिचे समर्थक चार कारणे पुढे करतात: झोंबण्याने जंतू मरतात, गरम पाण्याने उघडलेली रंध्रे मिटतात, रोजच्या वापराने कातडी सरावते, आणि एवढे करूनही ज्याला सोसत नाही त्याने ‘नैसर्गिक’ अथवा ‘अल्कोहोलमुक्त’ असे लिहिलेली बाटली घ्यावी, म्हणजे तक्रारीला जागा उरत नाही. ही चारही कारणे तपासली असता टिकत नाहीत आणि संवेदनशील त्वचेच्या माणसाला तर ती उघड अपाय करतात, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यामागची भूमिका थोडक्यात सांगता येते: दाढी केलेला चेहरा हा नुकताच खरवडलेला पृष्ठभाग असतो, त्याला भरून येण्यास मदत करणे एवढेच आफ्टरशेव्हचे समर्थनीय काम आहे, आणि म्हणून त्याची निवड वासावरून, झोंबण्यावरून किंवा वेष्टनावरच्या विशेषणांवरून न करता त्यातील घटकांवरून केली पाहिजे.

वादाचा निवाडा करण्यापूर्वी ब्लेडचे पाते त्वचेचे नेमके काय करते हे पाहणे आवश्यक आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. चपट्या, मृत पेशींचे पदर एकावर एक रचून तो बनलेला असतो आणि शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी १० ते २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकीच भरते. दगडी भिंतीच्या दरजा चुन्याने भरलेल्या असाव्यात तसे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हे स्निग्ध पदार्थ या पेशींच्या सांध्यांत बसलेले असतात, आणि शरीरातील पाणी आत राखणे व बाहेरचे क्षोभक पदार्थ बाहेर ठेवणे ही दोन्ही कामे प्रामुख्याने त्यांच्यामुळे होतात. निरोगी त्वचेचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याच्या ज्या मापात ७ ही उदासीन पातळी आणि त्याखालचे आकडे आम्लधर्मी मानले जातात त्यावरील अंक, साधारण ४.५ ते ५.५ असतो, दाढीच्या पारंपरिक साबणाचा मात्र ९ ते १० च्या घरात जातो. साबणाने सांध्यांतील स्निग्धांश सैल होतो, पाते खुंटांबरोबर शृंगस्तराचे पदरही खरवडून नेते, आणि ‘उलटी दाढी’ म्हणजे केसांच्या वाढीच्या विरुद्ध दिशेने दुसरा हात फिरवला की ही हानी आणखी वाढते. अशा रीतीने बिघडलेले आवरण पूर्ववत होण्यास निरोगी माणसालाही दोन-तीन दिवस लागू शकतात. रोज दाढी करणाऱ्याला तेवढी सवड कधीच मिळत नसल्यामुळे तो दररोज अर्धवट भरलेल्या त्वचेवरच पुन्हा पाते चालवत असतो.

संवेदनशील त्वचा ही नाजूकपणाची किंवा लाडावलेपणाची कल्पना आहे, असाही एक आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर म्हणून एवढे पुरेसे आहे की या अवस्थेची व्याख्या खाजेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मंडळाने २०१७ मध्ये निश्चित केली आहे: ज्या उद्दीपनाने सामान्यतः काही वाटू नये, त्याने झोंबणे, जळजळणे, दुखणे, खाजणे किंवा मुंग्या येणे अशा अप्रिय संवेदना होणे, म्हणजे संवेदनशील त्वचा. तिच्यात लाली दिसेलच असे नाही, आणि म्हणूनच बघणाऱ्याला ती खोटी वाटते. परंतु १९७७ मध्येच फ्रॉश आणि क्लिगमन या संशोधकांनी नाकाच्या बाजूच्या घडीत सौम्य लॅक्टिक आम्ल लावून, काही माणसांना त्याने झोंबते आणि काहींना मुळीच झोंबत नाही, हे पद्धतशीरपणे दाखवले होते. दोन माणसांच्या त्वचेत जन्मजात किंवा आवरणाच्या बिघाडातून आलेला फरक असतो, तो धैर्याने भरून निघत नाही. तेव्हा एकाला मानवलेले लोशन दुसऱ्याने निमूटपणे सोसावे, ही अपेक्षाच अशास्त्रीय आहे.

आता मूळ मुद्दा, म्हणजे ती झोंबण्याची संवेदना. ती कशी निर्माण होते हे आज बरेच नेमकेपणाने सांगता येते. त्वचेतील वेदनावाहक मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राही, म्हणजे विशिष्ट उद्दीपनाने उघडणारा प्रथिनांचा दरवाजा असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये तो ओळखला आणि उष्णता व स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी ज्युलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मिरचीतील कॅप्सायसिनने उघडणारा हा ग्राही एरवी सुमारे ४२-४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या, पोळणाऱ्या उष्णतेला प्रतिसाद देतो. इथेनॉल म्हणजे साध्या अल्कोहोलच्या सान्निध्यात ही मर्यादा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली येते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. ३४ अंश हे तर जवळजवळ त्वचेचेच तापमान झाले. म्हणजे अल्कोहोल लागताच चेहऱ्याची स्वतःची ऊबच मेंदूला भाजल्यासारखी वाटू लागते. मेन्थॉलचा गारवाही असाच: ते थंडीच्या ग्राहीला उघडते, त्वचेला प्रत्यक्षात थंड करत नाही. यावरून निष्कर्ष एकच निघतो. झोंबणे ही मज्जातंतूला मिळालेली धोक्याची सूचना आहे. जंतू किती मेले, त्वचा किती भरली, याविषयी ती काहीही सांगत नाही, आणि अशा सूचनेला औषधाच्या गुणाचे प्रमाणपत्र मानणे म्हणजे दुखण्यालाच उपचार समजणे होय.

जंतुनाशाच्या युक्तिवादात तथ्याचा एक अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. साधारण ६० टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेले द्रव अनेक जीवाणू आणि विषाणू मारतात हे खरे, आणि अखंड त्वचेवर ग्लिसरिनयुक्त अल्कोहोल हे वारंवार साबणाने हात धुण्यापेक्षा कमी त्रासदायक ठरते, हेही खरे. परंतु याच उदाहरणाचा पुढचा भाग समर्थक विसरतात. जागतिक आरोग्य संघटनेने हातांच्या निर्जंतुकीकरणासाठी सुचवलेल्या द्रवात ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल मुद्दाम घातलेले असते, कारण नुसते अल्कोहोल तळहातासारख्या जाड कातडीलाही कोरडे करते. आणि ॲलर्जीच्या धोक्यामुळे त्यात सुगंध मिसळू नये, असेही ती संघटना सांगते. आफ्टरशेव्हच्या जुन्या धाटणीच्या पातळ लोशनांत नेमके उलटे घडते: अल्कोहोल भरपूर, सुगंध भरपूर, आणि स्निग्धता जवळपास नाही, तेही तळहातापेक्षा कितीतरी पातळ आणि नुकत्याच खरवडलेल्या कातडीवर. शिवाय घरी स्वतःच्या स्वच्छ ब्लेडने दाढी केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर रोज मारावेत असे जंतू कुठून येतात, याचे उत्तर कोणी देत नाही. किरकोळ कापल्याची जखम पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुणे पुरेसे असते. आणि जिथे केसांच्या मुळांशी पुवाच्या पुळ्या खरोखर येतात, तिथे सुगंधी लोशन पुरत नाही, डॉक्टरांचा सल्लाच लागतो. दाढीच्या पाण्यात घरातले जंतुनाशक द्रव टाकण्याची किंवा ते न मिसळताच गालांवर लावण्याची रीत तर सर्वांत आधी बंद झाली पाहिजे, कारण अशा तीव्र द्रवांनी त्वचा सरळ पोळू शकते.

रंध्रे मिटण्याचा मुद्दा जितका लोकप्रिय तितकाच निराधार आहे. रंध्र म्हणजे केसाच्या आणि तेलग्रंथीच्या नळीचे बाहेरचे तोंड. त्याला उघडझाप करणारा स्नायूच नसतो. थंडीने अंगावर काटा आणणारा स्नायू केसाच्या मुळाशी खाली जोडलेला असतो, त्याने हे तोंड बंद होत नाही. गरम पाण्याने केस मऊ होतात आणि पात्याला कमी ओढ बसते, हा गरम पाण्याचा खरा फायदा. रंध्रे त्याने उघडत नाहीत, त्यामुळे ती मिटवण्याची गरजही उरत नाही. स्तंभक पदार्थ, म्हणजे पृष्ठभागावरील प्रथिने साकळवून कातडी आखडून धरणारे पदार्थ, थोडा वेळ चेहरा ताठ झाल्याचा भास देतात. कातडीचा तो ताठरपणा म्हणजे निरोगीपणा नव्हे, आणि संवेदनशील त्वचेत तर तोच पुढच्या कोरडेपणाची आणि खाजेची सुरुवात असतो.

तिसरे कारण सवयीचे. क्षोभक पदार्थाला त्वचा कधीकधी काही प्रमाणात सरावते, हे कारखान्यांतील कामगारांच्या अभ्यासातून ज्ञात आहे. परंतु ते सर्वांच्या बाबतीत घडत नाही, आणि ॲलर्जीच्या बाबतीत तर नेमके उलट घडते. हा भेद समजून घेतला पाहिजे. क्षोभातून होणारा त्वचाशोथ, म्हणजे त्वचेचा दाह, पदार्थाच्या तीव्रतेमुळे कोणालाही होऊ शकतो आणि सहसा लगेच दिसतो. ॲलर्जीतून होणारा शोथ मात्र शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने एखादा पदार्थ शत्रू म्हणून लक्षात ठेवल्यामुळे होतो, तो एक-दोन दिवसांनी उमटतो, आणि वर्षानुवर्षे निर्धोक वापरलेल्या वस्तूमुळेही तो अचानक उद्भवू शकतो. मस्क ॲम्ब्रेट या कृत्रिम कस्तुरीगंधाचा इतिहास या संदर्भात डोळे उघडणारा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चेहऱ्यावर उन्हाने भडकणाऱ्या त्वचाशोथाचे जे रुग्ण नोंदवले जाऊ लागले, त्यांत आफ्टरशेव्ह वापरणारे पुरुषच प्रामुख्याने होते. कारण हा गंध खरवडलेल्या गालांवर लावला जाई आणि त्यावर ऊन पडे. त्यांपैकी काहींना तर लोशन सोडल्यानंतरही प्रकाश सोसेनासा झाला. पुढे युरोपीय संघाने या पदार्थावर बंदी घातली. वर्षानुवर्षे वापरल्याने कातडी सरावते म्हणणाऱ्यांनी या पुरुषांच्या सवयीने त्यांना काय दिले, याचा विचार करावा.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने यापुढचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, आणि पाश्चात्त्य बाजारपेठेकडे पाहून लिहिलेल्या सल्ल्यांत तो बहुधा गाळलेला असतो. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी दाहाला चटकन प्रतिसाद देतात, त्यामुळे दाह ओसरला तरी त्या जागी तपकिरी-काळा डाग राहतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. गोऱ्या कातडीवर संध्याकाळपर्यंत विरणारी लाली इथे हनुवटीखाली आणि मानेवर काळपटपणा होऊन बसते. सुगंधी पदार्थांच्या ॲलर्जीतून तर कधीकधी आधी लाली वा खाज फारशी न दिसता थेट काळे चट्टेच उमटतात. मग त्या डागांवर औषधाच्या दुकानातून कोणीतरी सुचवलेले मलम येते, ज्यात अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने काही दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पण पुढे कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्या येतात आणि मलम थांबवताच चेहरा पुन्हा पेटतो. हा प्रकार देशभर इतका फोफावला की २०१८ मध्ये केंद्र सरकारला चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकता येणाऱ्या औषधांच्या परिशिष्टात घालावी लागली. एका झोंबणाऱ्या लोशनापासून सुरू झालेली साखळी कुठवर जाऊ शकते हे ध्यानात घेतले, तर ‘थोडे झोंबले तर काय बिघडते’ हा प्रश्न निरुपद्रवी राहत नाही.

परंपरेच्या बाजूने तुरटीचा दाखला दिला जातो, आणि त्याची दखल आदराने घेतली पाहिजे. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे सल्फेट. ती स्तंभक आहे, बारीक कापलेल्या जागेचे रक्त ती चटकन थांबवते, आणि तिच्यात सुगंध नसल्यामुळे काही लोकांना ती सुगंधी लोशनापेक्षा खरोखर मानवते. परंतु तिचे द्रावण चांगलेच आम्लधर्मी असल्याने ती खरवडलेल्या संवेदनशील त्वचेला झोंबते आणि कोरडी करते. म्हणून तिचा उपयोग कापलेल्या बिंदूपुरता ठेवून लगेच चेहरा धुणे हेच योग्य. सलूनमध्ये तर त्याहून मोठा दोष आहे. तिथे कारागीर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत नव्या ब्लेडचे दोन तुकडे करून त्यातला एक वस्तऱ्यात बसवतो, आणि या दक्षतेचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण दाढी उरकल्यावर आरशाखालच्या फळीवरून तो जो ओला, कडा झिजून गुळगुळीत झालेला तुरटीचा खडा उचलतो, तो आधीच्या गिऱ्हाइकाच्या गालावरून आणि कदाचित त्याच्या रक्तावरूनही फिरून आलेला असतो. हेपटायटिस बी या यकृताच्या रोगाचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही निदान सात दिवस तग धरू शकतो. ब्लेड बदलून खडा न बदलणे म्हणजे अर्धी स्वच्छता, आणि म्हणून ज्याला तुरटी हवी असेल त्याने स्वतःचा खडा ठेवावा किंवा तिची पूड एकदाच वापरायच्या कापसावर घ्यावी.

चौथे कारण, म्हणजे ‘नैसर्गिक ते सौम्य’ हा सिद्धान्त, आज सर्वांत जोरात आहे आणि सर्वांत फसवाही आहे. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो. दाढीनंतर तो गालावर चोळणे हे आम्लाने पोळवणेच आहे, शिवाय लिंबूवर्गीय सालींत फ्युरानोकौमरिन नावाची अशी द्रव्ये असतात की ती लागून ऊन पडले तर त्वचेवर भाजल्यासारखे फोड आणि नंतर काळे ओघळ उठू शकतात. बर्गमॉट या फळाचे सुगंधी तेल त्याच कारणाने कुप्रसिद्ध आहे. लव्हेंडर, संत्रे, टी-ट्री यांच्या तेलांतील लिनॅलूल, लिमोनीन यांसारखी द्रव्ये हवेशी संयोग पावून जे पदार्थ बनवतात, ते मूळ द्रव्यांपेक्षा ॲलर्जीला अधिक कारणीभूत ठरतात. म्हणजे उघडून ठेवलेली ‘शुद्ध नैसर्गिक’ बाटली जुनी होईल तशी अधिक धोक्याची होत जाते. याउलट खनिज तेलापासून काढलेली पांढरी पेट्रोलियम जेली इतकी निष्क्रिय असते की ॲलर्जी शोधण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर जी पट्टीचाचणी करतात, तिच्यातील बहुतेक संशयित पदार्थ याच जेलीत मिसळून लावले जातात. एखादा पदार्थ झाडावर आला की भट्टीत बनला, याने त्याचा सौम्यपणा ठरत नाही. तो ठरतो त्वचेशी त्याचे काय होते यावरून. कोरफडीचा गर अनेकांना शांत करतो हे खरे असले तरी, बाजारातील हिरव्या जेलमध्ये त्या गराबरोबर रंग, सुगंध आणि अल्कोहोल किती आहे हे यादी वाचल्याखेरीज कळत नाही.

‘अल्कोहोलमुक्त’ हे विशेषण पाहून निर्धास्त होणे म्हणजे अनेकदा आगीतून फुफाट्यात पडणे ठरते, कारण अल्कोहोल काढून टाकलेल्या लोशनात सुगंध तसाच राहू शकतो, आणि ॲलर्जीच्या दृष्टीने अल्कोहोलपेक्षा सुगंधच अधिक घातक असतो. दुसऱ्या बाजूला, यादीत सेटिल अल्कोहोल किंवा स्टिअरिल अल्कोहोल ही नावे दिसली म्हणून बाटली टाकून देणेही चूक. ती मेणासारखी, त्वचा मऊ करणारी द्रव्ये आहेत आणि इथेनॉलशी त्यांचे नावापुरतेच नाते आहे. ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी असलेले, या शब्दाला काटेकोर अर्थ देण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये नियम करून केला होता. उत्पादकांनी त्याला आव्हान दिले आणि १९७७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला, तेव्हापासून तिथे त्या शब्दामागे उत्पादकाच्या स्वतःच्या म्हणण्यापलीकडे काही नाही. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ या वाक्यातून कोणी, कोणत्या त्वचेवर, काय तपासले आणि निष्पन्न काय झाले यांपैकी एकही गोष्ट कळत नाही. ‘गंधहीन’ असे लिहिलेल्या वस्तूत इतर घटकांचा वास झाकण्यासाठी सुगंधच घातलेला असू शकतो. संवेदनशील त्वचेच्या माणसाने शोधायचा तो सुगंधच न घातलेला पदार्थ.

म्हणून बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचण्याला पर्याय नाही, आणि तो वाचणे वाटते तितके अवघडही नाही. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक प्रमाणातील घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने देता येतात. एवढी एक गोष्ट ठाऊक असली की दोन बाटल्यांतील फरक उघड होतो. जिच्या यादीची सुरुवात ‘अल्कोहोल डिनॅट’ म्हणजे पिण्यास अयोग्य केलेल्या इथेनॉलने होते, मग पाणी, मग ‘परफ्यूम’ आणि मेन्थॉल येते, ती सुगंधी अल्कोहोलची बाटली आहे, तिच्यावर पुढच्या बाजूला काहीही छापलेले असो. जिच्यात पाण्यानंतर लगेच ग्लिसरिन, पुढे डायमेथिकॉन किंवा एखादे स्निग्ध द्रव्य, पँथेनॉल, अॅलंटोइन, असल्यास सेरामाइड, आणि ‘परफ्यूम’ हा शब्द कुठेही नाही, ती खरवडलेल्या त्वचेसाठी बनवलेली वस्तू आहे. ग्लिसरिन पाणी धरून ठेवते. डायमेथिकॉन वरून पातळ पापुद्रा धरून ते उडू देत नाही. पँथेनॉल आणि अॅलंटोइन दाह शमवण्यास मदत करतात. सेरामाइड सांध्यांतील हरवलेल्या स्निग्धांशाच्याच जातीचे असते. संरक्षक द्रव्यांपैकी मेथिलआयसोथायाझोलिनोन हे नाव दिसल्यास वस्तू परत ठेवावी: अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचाशोथाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला वर्षातील प्रमुख ॲलर्जीकारक ठरवले होते, आणि चेहऱ्यावर तशाच राहणाऱ्या प्रसाधनांत त्याचा वापर युरोपीय संघाने २०१७ पासून बंद केला आहे.

निवड झाल्यावरही चेहरा ही प्रयोगाची पहिली जागा असू नये. नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागी, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहावी. लाली, पुरळ किंवा खाज आली नाही तरच ती गालावर न्यावी. ॲलर्जी उशिरा उमटत असल्याने दुकानात मनगटावर थेंब लावून तिथल्या तिथे दिलेला निर्णय निरर्थक असतो. हवामानाचाही विचार हवा: मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत जाड बामने, म्हणजे दाटसर लेपाने, चेहरा चिकट होऊन पुळ्या वाढू शकतात, तिथे पातळ, पाण्यावर आधारलेले जेल बरे, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा देशावरच्या थंडीत मात्र दाटसर बामच पुरा पडतो. तो ओलसर चेहऱ्यावर, न चोळता, टिपल्यासारखा लावावा.

यावर एक प्रामाणिक आक्षेप उरतो: त्वचा जर स्वतःच भरून येते, तर आफ्टरशेव्ह मुळात हवेच कशाला? ज्याला दाढीनंतर काहीही त्रास होत नाही, त्याला ते नको, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे; साध्या पाण्याने धुऊन चेहरा टिपणे त्याला पुरेसे आहे. ज्याला त्रास होतो त्यानेही आधी कारणाकडे वळावे, म्हणजे बोथट ब्लेड बदलावे, केस पुरेसे भिजू द्यावेत, वाढीच्या दिशेनेच हात फिरवावा, आणि कुरळे केस कातडीत उलटे वळून पुळ्या येत असतील तर गुळगुळीत दाढीचा हट्ट सोडून खुंट थोडे राखावेत. वाईट दाढीची भरपाई उत्तम बामही करू शकत नाही. एवढे करून जो कोरडेपणा आणि जळजळ उरते, तिच्यासाठी सौम्य, सुगंधरहित लेप हा खरा उपाय आहे, आणि तो औषधाच्या दुकानातील साध्या मॉइश्चरायझरनेही साधत असेल तर वेष्टनावर ‘आफ्टरशेव्ह’ हा शब्द असण्याची गरज नाही. सुगंधाची आवड ही अपराध नव्हे. ती शर्टावर भागवता येते, त्यासाठी सोललेला गाल वापरण्याचे कारण नाही.

ओल्ड स्पाइस या ब्रँडची पुरुषांसाठीची प्रसाधने १९३८ मध्ये बाजारात आली तेव्हापासून दाढीनंतरचा दर्प आणि झणका यांची सांगड पुरुषपणाशी घातली गेली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वडिलांकडून मुलाकडे जात राहिली. त्या वारशातील प्रेम खरे आहे. त्यातून निघालेला निष्कर्ष खोटा आहे. सोसण्याची शिकवण जिथे काही मिळवायचे असते तिथे शोभते. जिथे सोसून हाती फक्त काळे डाग, खाज आणि उन्हाची भीती येते तिथे ती निव्वळ अज्ञानाची पाठराखण ठरते. युरोपीय संघाने दीर्घकाळ २६ सुगंधी ॲलर्जीकारकांची नावे वेष्टनावर देणे बंधनकारक ठेवले होते आणि २०२३ मध्ये ही यादी ऐंशीहून अधिक पदार्थांपर्यंत वाढवली. भारतीय ग्राहकानेही ‘परफ्यूम’ या एका शब्दामागे दडलेली नावे मागितली पाहिजेत, सलूनचालकांनी सुगंधरहित लेपाची एक बाटली फळीवर ठेवली पाहिजे, आणि दाढीला सुरुवात करणाऱ्या मुलाला घरात पहिला धडा हाच मिळाला पाहिजे की जे झोंबते ते थांबवायचे असते. सौम्य आफ्टरशेव्ह निवडणे ही चैन नाही; स्वतःच्या शरीराने दिलेली सूचना ऐकण्याची ती किमान समज आहे.